औषध कंपनीची किमान खरेदीची हमी: करार कसा वाचायचा आणि वहीत कसा मांडायचा

अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात पानमळे आणि पानपिंपरी, म्हणजे औषधी पिंपळी, पिढ्यान्‌पिढ्या आहे. समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद आहे, सातपुड्याच्या पायथ्याला सफेद मुसळी आहे, गडचिरोलीच्या जंगलातून हिरडा-बेहडा येतो. यातल्या बऱ्याच मालाचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे औषध बनवणारी कंपनी. गावात शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली, दोन हंगाम नीट गेले, की खरेदी अधिकारी करार घेऊन येतो: "दरवर्षी किमान २०० क्विंटल आम्ही घेऊच." संचालक मंडळ खूश होतं, बँकेचा मॅनेजर कर्जाला तयार होतो, आणि सही होते.

हा लेख त्या सहीच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल आहे. उत्पादक कंपनीचा नवा संचालक, नवा सीईओ, किंवा तालुक्याच्या गावी हिशेब लिहायला नुकताच बसलेला बी.कॉम. मुलगा किंवा मुलगी, यांच्यासाठी तो आहे. हिशेबाची उदाहरणं पानपिंपरीची आहेत. त्यातले भाव आणि टक्के फक्त गणित समजावं म्हणून धरलेले आहेत.

आधी तीन शब्द पक्के करा, कारण पुढे सगळीकडे तेच येतात.

बांधिलकी, म्हणजे इंग्रजी ताळेबंदातलं कमिटमेंट: पुढे काहीतरी घ्यायचं किंवा द्यायचं कबूल केलं आहे, पण माल अजून हललेला नाही. आज पैसे देणं लागत नाही.

संभाव्य देणं, म्हणजे कन्टिंजंट लायबिलिटी: देणं लागेल की नाही हे पुढच्या एखाद्या घटनेवर, बहुतेक वेळा खटल्याच्या निकालावर, अवलंबून आहे. हे ताळेबंदाच्या आकड्यांत धरत नाहीत, खाली टिपेत लिहितात.

तरतूद, म्हणजे प्रोव्हिजन: देणं लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त आहे आणि रकमेचा अंदाज करता येतो. हा आकडा नफ्यातून वजा होतो.

मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना यासाठी इंड एएस ३७ हे मानक लागू आहे, तर गावच्या उत्पादक कंपनीला बहुतेक वेळा एएस २९. मूळ विचार दोन्हींत सारखाच आहे.

पायरी १: करार मागून वाचायला घ्या

पहिल्या पानावर "किमान २०० क्विंटल, ३ वर्षं" असं ठळक लिहिलेलं असतं. त्या हमीची खरी किंमत मागच्या पानांवर ठरते. म्हणून आधी करार संपवण्याचं कलम शोधा. "कोणतंही कारण न देता ९० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल" असं वाक्य तिथे असेल, तर तुमच्या हातात ३ वर्षांची हमी नाही, ९० दिवसांची आहे. पानपिंपरीची लागवड एकदा केली की अनेक हंगाम चालते, त्यामुळे वेलावर आणि मांडवावर खर्च केलेल्या शेतकऱ्याला ९० दिवसांचा काही उपयोग नाही. हे कलम काढायला सांगा. कंपनी काढत नसेल तर नोटीस फक्त पुरवठा वर्षाच्या अखेरीस लागू व्हावी आणि चालू वर्षाचं किमान तरीही पूर्ण घ्यावं लागावं, एवढी दुरुस्ती करून घ्या.

दुसरं, सही कोण करतंय ते बघा. बोलणी नावाजलेल्या औषध कंपनीच्या माणसाशी होतात आणि करार होतो तिच्या एखाद्या छोट्या उपकंपनीशी, जिचं भागभांडवल १ लाख रुपये असू शकतं. कायद्याने त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. उपकंपनी बुडाली तर मूळ कंपनी आपोआप बांधली जात नाही. अशा वेळी मूळ कंपनीची लेखी हमी मागावी. ती हमी मग मूळ कंपनीच्या ताळेबंदाच्या टिपेत दिसायला हवी, हा तुमचा जास्तीचा फायदा.

तिसरं, दैवी आपत्तीचं कलम. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट आणि अवकाळी पाऊस येतो, एप्रिल-मे मध्ये ऊन ४५ अंशांच्या वर जातं. हे शब्द नावानिशी लिहून घ्या. नुसतं "नैसर्गिक आपत्ती" लिहिलं की पुढे वाद होतो. कळवण्याची मुदतही बघा. बहुतेक करारांत ती ७ किंवा १५ दिवसांची असते आणि ती चुकली की कलम असूनही संरक्षण जातं. तलाठी आणि कृषी सहायकांच्या पंचनाम्याला वेळ लागतो, म्हणून आधी ईमेलने फोटोसह कळवा आणि पंचनामा मागाहून जोडा. याच कलमात कंपनीच्या बाजूने "बाजारातील मंदी" किंवा "उत्पादनाची मागणी घटणे" असे शब्द घुसवलेले असतील तर ते खोडायला लावा. मागणी घटली तरी माल घ्यायचा, याचसाठी किमान खरेदीची हमी असते. ती मागणी घटल्यावर सुटणार असेल तर तिला हमी म्हणता येत नाही.

वादाचं ठिकाण आणि पद्धतही याच पानांवर सापडते. लवाद दूरच्या महानगरात ठेवलेला असेल, तर चार-पाच लाखांच्या वादासाठी तिथे जाणं उत्पादक कंपनीला परवडत नाही. लवादाचं स्थान अमरावती, अकोला किंवा नागपूर असावं, असा आग्रह धरा.

पायरी २: 'किमान' कशात मोजलंय?

बहुतेक तंटे इथूनच उगवतात. एक साधा प्रश्न विचारा: आम्ही २०० क्विंटल आणून दिला, कंपनीने ५० क्विंटल नाकारला, तर तूट कोणाची?

करारात किमान "स्वीकारलेल्या मालावर" मोजलं असेल, तर कंपनीला हवा तेवढा माल नाकारून हमीतून सुटता येतं. "देऊ केलेल्या, दर्जात बसणाऱ्या मालावर" मोजलं, तर दर्जात बसणारा माल नाकारला तरी तो किमानात धरला जातो आणि तूट कंपनीची होते. हे दोन-तीन शब्द खरेदीच्या भावाइतकेच महत्त्वाचे आहेत.

मग दर्जा कोण ठरवणार? करारासोबत परिशिष्ट हवं आणि त्यात प्रत्येक कसोटीचा आकडा हवा: ओलाव्याचा टक्का, काडीकचऱ्याचा टक्का, राखेचं प्रमाण, पिंपळीत पायपेरिन किंवा हळदीत कर्क्युमिन हा औषधी घटक किमान किती, बुरशीजन्य विष आणि कीटकनाशकांचे अंश किती चालतील. जड धातूंच्या मर्यादा आयुर्वेदिक मालासाठी ठरलेल्या आहेत: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. "कंपनीच्या वेळोवेळीच्या निकषांनुसार" असं वाक्य स्वीकारू नका, कारण त्याने निकष मधल्या काळात बदलायची मुभा कंपनीला मिळते.

नमुना तुमच्या गोदामात, दोघांच्या समक्ष काढा. प्रत्येक लॉटचे तीन सीलबंद भाग करा: एक कंपनीला, एक तुमच्याकडे, एक वाद झाला तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी राखीव. हा तिसरा भाग नसेल तर कंपनीच्या प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा ठरतो. वाळत घातलेल्या पिंपरीवर एक अवकाळी सर आली की आतून बुरशी धरते, वरून दिसत नाही. असा लॉट वेगळा ठेवा, चांगल्या कट्ट्यांत मिसळू नका. मिसळलेला एक कट्टा सबंध गाडी नाकारायला पुरतो.

वजनही ठरवा. तुमच्या काट्यावरचं की कारखान्याच्या? सुकलेला माल वाटेत थोडा घटतो किंवा ओल ओढतो. फरकाची मर्यादा अर्धा टक्का वगैरे लिहून ठेवली की दर गाडीमागे भांडण होत नाही.

शेवटचं, वर्ष कोणतं? हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, पण पानपिंपरीची तोडणी हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जाते. किमान जर एप्रिल-मार्चवर मोजलं तर हंगामाचा शेवटचा तोडा पुढच्या वर्षात ढकलला जातो आणि कागदावर तूट दिसते. पुरवठा वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर ठेवलं तर एक पूर्ण हंगाम एकाच वर्षात बसतो.

पायरी ३: तुटीच्या भरपाईचा टक्का

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हमी खरी की नुसती शोभेची, ते हा एकच आकडा सांगतो.

समजा करार २०० क्विंटलचा, भाव क्विंटलला ४०,००० रुपये. कंपनीने १२० क्विंटलच घेतला. तूट ८० क्विंटल, किंमत ३२ लाख. करारात "तुटीच्या किमतीच्या १५ टक्के भरपाई" असेल तर तुम्हाला मिळतील ४ लाख ८० हजार, आणि ८० क्विंटल माल पडेल त्या भावाने विकावा लागेल.

आता कंपनीच्या बाजूने बघा. समजा दोन वर्षं बाकी आहेत, म्हणजे ४०० क्विंटल, १ कोटी ६० लाखांचा माल. कंपनीने ज्या औषधासाठी हा माल ठरवला होता ते बंद केलं, आणि बाजारभाव २८,००० वर आला. माल घेऊन बाजारात विकला तर क्विंटलमागे १२,००० तोटा, एकूण ४८ लाख. करार मोडला तर १५ टक्क्यांनी भरपाई २४ लाख. हिशेबाचं मानकही हेच विचारतं. तोट्यातल्या करारासाठी तरतूद करायची ती करार पाळण्याचा निव्वळ खर्च आणि मोडण्याची भरपाई, यांतली जी रक्कम कमी तेवढीच. कंपनीचा हिशेबनीस २४ लाखांची तरतूद करेल, वित्त विभाग तेवढे पैसे देऊन मोकळा होईल, आणि यात काहीही बेकायदेशीर नाही. तुम्हीच तो दर लिहून दिलेला असतो.

भरपाई ४० टक्के असती तर मोडण्याची किंमत ६४ लाख झाली असती आणि ४८ लाखांचा तोटा सोसून माल उचलणं कंपनीला स्वस्त पडलं असतं. या उदाहरणात सीमारेषा ३० टक्क्यांवर आहे, कारण भावही ३० टक्केच पडलाय. यातून एक कामाचा नियम निघतो: गेल्या आठ-दहा वर्षांत तुमच्या मालाचा भाव एका हंगामात जास्तीत जास्त किती टक्के पडला ते जुन्या पट्ट्यांवरून काढा, आणि भरपाईचा टक्का त्याच्या वर ठेवा. पानपिंपरीला सरकारी हमीभाव नाही, त्यामुळे पडत्या भावाला खालून दुसरा आधार नाही.

मग १०० टक्केच का लिहू नये? लिहिता येतं, पण वसूल होईलच असं नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय किंवा लवाद त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतो. म्हणून तुमचं प्रत्यक्ष नुकसान दाखवणारे कागद, म्हणजे त्या काळातले बाजारभाव, दुसऱ्याला विकल्याची बिलं, गोदामभाडं, कर्जाचं व्याज, हे जपून ठेवावेच लागतात. १०० टक्क्यांच्या मागणीला दुसरं, जास्त टिकाऊ रूप देता येतं: कंपनीने तुटीच्या मालाची पूर्ण किंमत वर्षअखेर द्यावी आणि तो माल पुढच्या ६ ते १२ महिन्यांत उचलण्याचा हक्क तिच्याकडे राहावा. इथे पैसे दंड म्हणून येत नाहीत, मालाची किंमत म्हणून येतात. माल मात्र तेवढे महिने तुम्हाला सांभाळावा लागतो, तेव्हा साठवणीचा खर्च आणि घट कोणाची हेही लिहा.

"हीच एकमेव भरपाई राहील" असं वाक्य कलमाच्या शेवटी आहे का, हेही पहा. ते असेल तर टक्क्याबाहेर काहीच मागता येत नाही.

पायरी ४: कंपनीच्या ताळेबंदाची टीप उघडा

गिऱ्हाईक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल एनएसई-बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. खासगी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिचे दाखल केलेले कागद पाहता येतात. गेल्या तीन वर्षांचे अहवाल घ्या. एका वर्षाने काही कळत नाही.

आधी शोधायची ती "कन्टिंजंट लायबिलिटीज अँड कमिटमेंट्स" ही टीप. ती टिपांच्या शेवटच्या भागात असते. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची तीनने तिचा साचा ठरवून दिलाय. पहिल्या भागात कंपनीने मान्य न केलेले दावे, दिलेल्या हम्या आणि इतर संभाव्य रकमा येतात. दुसऱ्या भागात भांडवली कामांचे अपुरे करार आणि "इतर बांधिलकी".

औषध कंपनीच्या पहिल्या भागात काय सापडेल? आयकर, जीएसटी, जुन्या अबकारीच्या मागण्या जवळपास सगळीकडे असतात. त्याशिवाय खास औषधधंद्याची एक ओळ: औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली जास्त दर लावल्याबद्दल राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, केलेली वसुलीची मागणी. हे प्राधिकरण १९९७ पासून आहे, सध्याचा आदेश २०१३ चा, आणि जुन्या १९९५ च्या आदेशाखालची प्रकरणंही वर्षानुवर्षं न्यायालयात रेंगाळली. या मागणीत मूळ रकमेवर व्याज चढत जातं, म्हणून टिपेतला आकडा व्याजासह आहे की व्याजाविना ते वाचा. निव्वळ आयुर्वेदिक कंपनीत ही ओळ सहसा नसते. तिथे जैवविविधता कायदा २००२ खालच्या लाभवाटपाचा, म्हणजे वनस्पती वापरल्याबद्दल द्यायच्या वाट्याचा, वाद असू शकतो. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप लागू असल्याचा निर्णय दिला, आणि पुढे २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली. त्यासाठी लागवडीच्या उगमाचा दाखला लागतो, म्हणून वावरात पिकवलेला माल आणि जंगलातून गोळा केलेला माल यांची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. तुमचं गिऱ्हाईक तो कागद मागणारच.

या सगळ्या आकड्याची बेरीज कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या किती टक्के होते ते काढा. ५ टक्के असेल तर झोप उडवून घेऊ नका. ४० टक्के असेल, आणि तीन वर्षांत वाढतच गेला असेल, तर एक निकाल विरुद्ध गेला की कंपनी सगळ्यात आधी छोट्या पुरवठादारांची बिलं रोखेल. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेल्या कॅरो २०२० (लेखापरीक्षकाने काय सांगावं हे ठरवणारा सरकारी आदेश) च्या परिशिष्टात, कलम सातमध्ये, वादातल्या सरकारी देण्यांचा तक्ता असतो: रक्कम, वर्ष, कोणत्या प्राधिकरणापुढे. तो या टिपेशी ताडून पहा. टिपेत एखादी मागणी नाही आणि तक्त्यात आहे, तर खरेदी अधिकाऱ्याला कारण विचारा.

आता "इतर बांधिलकी". नवख्या माणसाला वाटतं की किमान खरेदीचा करार इथे दिसलाच पाहिजे. तो बऱ्याचदा दिसत नाही, आणि त्यात लपवाछपवी असतेच असं नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेचं मार्गदर्शन असं आहे की रद्द न होणारे, म्हणजे रद्द केल्यास फायद्याच्या मानाने अवाजवी दंड बसणारे, आणि महत्त्वाच्या रकमेचेच करार इथे दाखवावेत. रोजच्या खरेदीच्या ऑर्डरी इथे येत नाहीत. तेव्हा ही ओळ कोरी असेल तर दोन शक्यता: करार रकमेने किरकोळ आहेत, किंवा कंपनी आपले करार स्वस्तात मोडता येतील अशाच बेताने करते. दुसरी शक्यता पायरी ३ शी थेट जोडलेली आहे. इतर पुरवठादारांशी तिचे करार कसे आहेत ते चौकशी करून पाहा.

एवढ्यावर थांबू नका. व्यापारी देणी (ट्रेड पेएबल्स) या टिपेत सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकबाकी वेगळी दाखवावी लागते, आणि २०२१-२२ पासून तिचं वयही: एक वर्षाच्या आतली, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वरची, आणि वादातली वेगळी. ही एक चौकट तुम्हाला कंपनीचा स्वभाव सांगते. "वादातली" या रकान्यात दरवर्षी आकडा वाढत असेल तर ही कंपनी माल घेतल्यावर दर्जाचा वाद काढते, असं समजून पायरी २ मधलं प्रत्येक वाक्य घट्ट करा.

पायरी ५: तुम्हीही शब्द दिलाय

करारात किमान खरेदी असते तशी किमान पुरवठ्याची अटही असते, आणि तिकडे कमी लक्ष जातं. समजा २०० क्विंटल कबूल केला, पण उन्हाने वेल करपले, हाती आला १३०. बाजारभाव ५२,००० वर गेलाय. ७० क्विंटल बाजारातून घेऊन ४०,००० ने द्यायचा तर तोटा ८ लाख ४० हजार. करारातली भरपाई १५ टक्के असेल तर ४ लाख २० हजार. इथे तुम्ही भरपाई देऊन सुटणं स्वस्त. पण करारात "कंपनी इतरत्र खरेदी करून फरक वसूल करेल" असं कलम असेल तर ८ लाख ४० हजारच बसतात, आणि वाहतूक वेगळी. दोन्ही कलमं एकदम लागू आहेत का, ते विचारा.

भाव चढला की सभासद माल बाहेर विकतो, हेही धरून चाला. ज्याला घरी लग्न किंवा दवाखाना आहे तो रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाणारच. म्हणून प्रत्येक सभासदाशी लेखी पुरवठा करार करा, चढ्या भावात त्यालाही वाटा मिळेल असा भाव ठेवा, आणि कंपनीला कबूल करताना गेल्या तीन हंगामांतल्या सगळ्यात कमी आवकीच्या ६० ते ७० टक्केच आकडा द्या. वरचा माल "उपलब्धतेनुसार" म्हणून लिहा. आमच्या मते हा आकडा मोठा दाखवण्याचा मोह नव्या उत्पादक कंपनीला सगळ्यात जास्त महागात पडतो, कारण बँकेचं कर्जही त्याच आकड्यावर उचललेलं असतं.

पायरी ६: ३१ मार्चला वहीत काय येईल

कंपनीने दिलेला ॲडव्हान्स हे सरळ देणं आहे, ते ताळेबंदात आहेच. त्या ॲडव्हान्सपोटी बँकेने दिलेली गॅरंटी पुन्हा संभाव्य देणं म्हणून मोजू नका. तसं केलं तर तेच देणं दोनदा मोजलं जातं. पुरवठा वेळेवर करू, या हमीची बँक गॅरंटी मात्र टिपेत दाखवा, कारण तिच्यामागे अजून कोणतंही देणं उभं नाही.

सुकवणीच्या शेडचं काम १८ लाखांना दिलं, ३१ मार्चपर्यंत ११ लाखांचं काम झालं, तर उरलेले ७ लाख भांडवली बांधिलकी म्हणून टिपेत येतात.

पुरवठ्यात वरच्यासारखा तोटा दिसत असेल तर करार तोट्याचा झाला, आणि पाळण्याचा तोटा व मोडण्याची भरपाई यांतल्या कमी रकमेची तरतूद याच वर्षी करायची, माल पुढच्या वर्षी द्यायचा असला तरी. लेखापरीक्षकालाही दीर्घ मुदतीच्या करारांवरच्या संभाव्य तोट्यांची तरतूद झाली की नाही, ते अहवालात सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक उलट्या बाजूची असते. कंपनीने कमी माल घेतला, तिच्याकडून ४ लाख ८० हजार येणं आहे असं धरून ते उत्पन्नात घेतलं जातं, त्यावर सभासदांना बोनस वाटला जातो, आणि कंपनी पुढे दर्जाचा वाद काढते. एएस २९ नुसार असं येणं जवळपास निश्चित होईपर्यंत हिशेबात घेता येत नाही, टिपेतही नाही. संचालकांच्या अहवालात त्याचा उल्लेख करता येतो. कंपनीने लेखी मान्य केलं, किंवा निवाडा होऊन त्यावर अपील उरलं नाही, की मग घ्या. पुरवठा वर्ष ऑक्टोबरला संपत असेल तर मार्चला तूट ठरलेलीच नसते, तेव्हा घाईचं काही कारण नाही.

बँक अनेकदा संचालकांची वैयक्तिक जामीनकी मागते. ती संचालकांची स्वतःची जबाबदारी आहे, उत्पादक कंपनीची नाही. उत्पादक कंपनीच्या संभाव्य देण्यांत ती लिहिली जात नाही, पण सही करण्याआधी घरच्यांना ती माहीत असायला हवी.

पायरी ७: वर्षभर ठेवायचे कागद

एक साधी नोंदवही पुरते: महिना, देऊ केलेला माल, देऊ केल्याची ईमेलची तारीख, उचललेला, नाकारलेला, नाकारण्याचं लेखी कारण, किमानातून उरलेला. देऊ केल्याचं लेखी नसेल तर कंपनी म्हणते की तुमच्याकडे मालच नव्हता, आणि दावा तिथेच पडतो. फोन आणि व्हॉट्सॲपवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने कायम करा. वर्ष संपल्यावर तुटीची नोटीस किती दिवसांत द्यायची, ती तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

माल साफ करणं, सुकवणं, प्रतवारी करणं अशी प्रक्रिया करत असाल तर त्या कामासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने कंपनीला करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. मालाबद्दलची हरकतही पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. दोन महिन्यांनी आलेल्या "लॉट नापास" या ईमेलला हेच उत्तर आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापारी नोंदणीला हे संरक्षण मिळत नाही, म्हणून नोंदणीत कामाचा प्रकार बरोबर भरा.

मुद्रांकाचंही बघा. कमी मुद्रांकावरचा करार तूट आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतला जात नाही, आणि हे दावा लावायच्या दिवशी कळतं.

करार संपल्यावर कपाट रिकामं करायची घाई करू नका. तुटीचा दावा लावायला साधारणपणे ३ वर्षं मिळतात, आणि कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात. सीलबंद तिसरा नमुना मात्र तेवढा टिकत नाही. वाद पेटला असेल तर तो हंगाम संपायच्या आत प्रयोगशाळेत पाठवा.